ठिणगी झेलणारी बुरशी

फोमेस फोमेंटेरियस हे झाडाचे लाकूड कुजवणारे कवक आहे. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड व समशीतोष्ण पट्ट्यांत ते बर्च, बीच, पॉप्लर अशा रुंद पानांच्या झाडांवर वाढते. खोडातून आडवा बाहेर आलेला, घोड्याच्या खुराच्या आकाराचा त्याचा करडा-तपकिरी पिंड जंगलात दुरूनही ओळखू येतो. वरची साल इतकी टणक असते की साध्या चाकूला ती दाद देत नाही. पण सालीच्या आत तांबूस-तपकिरी रंगाचा मऊ, तंतुमय थर असतो. या थराशी माणसाचा संबंध फार जुना आहे. आगपेटी येण्याआधी युरोपच्या मोठ्या भागात चकमकीची ठिणगी झेलून धरण्याचे काम हाच थर करत होता. फ्रेंच आणि इंग्रज त्याला अमादू म्हणत, जर्मन लोक झुंडर म्हणत. तो गोळा करणे, कापणे, ठोकून मऊ करणे आणि विकणे हा शेकडो वर्षे चाललेला एक स्वतंत्र धंदा होता.

या कवकाला शास्त्रीय नाव पहिल्यांदा दिले ते स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनिअस याने, 1753 मध्ये. त्या काळी कवकांची गणना वनस्पतींतच होत असे. खालच्या अंगाला छिद्रे असलेली बहुतेक कवके लिनिअसने बोलेटस या एकाच प्रजातीत घातली आणि हे कवक बोलेटस फोमेंटेरियस झाले. पुढे कवकशास्त्राचा पाया घालणाऱ्या एलियास फ्रीस या दुसऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1821 मध्ये त्याला पॉलिपोरस प्रजातीत धरले आणि 1849 मध्ये त्याच्यासाठी फोमेस ही प्रजाती वेगळी केली. नंतरच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे टिकणारी, टणक, लाकडावरची अशी कितीतरी कवके याच प्रजातीत आणून टाकली. विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखालचे बारकावे तपासले गेले तेव्हा त्यांतली बरीचशी पुन्हा बाहेर काढावी लागली. आज फोमेस प्रजातीत अगदी थोड्या जाती उरल्या आहेत. तिचे कुल पॉलिपोरेसी, गण पॉलिपोरेलीस आणि विभाग बॅसिडिओमायकोटा. म्हणजे अळंब्या आणि भूछत्रे ज्या विभागात मोडतात, त्यातलीच ही बुरशी आहे.

वर्गीकरणाचा प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. युरोपात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची बुरशी दिसायला जवळजवळ सारखी असली तरी डीएनएच्या तपासणीत त्यांचे दोन स्पष्ट गट पडतात. 2019 मध्ये दक्षिणेकडच्या गटाला फोमेस इन्झेंगी हे स्वतंत्र जातीचे नाव देण्यात आले. त्याआधीच्या पुस्तकांत फोमेंटेरियस म्हणून ज्या नोंदी आहेत, त्यांतल्या काही या दुसऱ्या जातीच्या असणार, हे लक्षात ठेवूनच त्या वाचाव्या लागतात. जुन्या लिखाणात आणखी एक गोंधळ आढळतो. विलो वगैरे झाडांवर वाढणारे फेलिनस इग्निएरियस हे कवक आकाराने असेच खुरासारखे असते, पण आतून फार कठीण असते आणि त्याचा ठिणगीसाठी फारसा उपयोग होत नाही. वनौषधींच्या जुन्या ग्रंथांत आणि औषधविक्रेत्यांच्या याद्यांत ही दोन्ही कवके एकमेकांच्या नावाने वावरतात.

फोमेसचा शिरकाव बहुधा मोडलेल्या फांदीच्या किंवा सालीवरच्या जखमेतून होतो. बीजाणू रुजला की कवकाचे धागे लाकडात पसरतात. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन आणि त्याच्या पेशींच्या भिंतींतले सेल्युलोज, दोन्ही ते पचवतात. त्यामुळे लाकूड फिके, हलके आणि ठिसूळ होते. या प्रकाराला श्वेत कूज म्हणतात. बाहेरून झाड वर्षानुवर्षे धडधाकट दिसते आणि एखाद्या वादळात खोड मध्येच कडकन मोडते. झाड मेले तरी कवकाचे काम थांबत नाही. उभ्या किंवा आडव्या पडलेल्या खोडात ते पुढे कित्येक वर्षे जगते.

बाहेर दिसणारा खूर हे या कवकाचे फळ, म्हणजे बीजाणू तयार करणारा अवयव. तो बहुवार्षिक असतो. जुन्या थराखाली नव्या नळ्यांचा थर चढत जातो, आणि काही पिंड तीस वर्षांपर्यंतही टिकतात. नळ्यांची तोंडे नेहमी जमिनीकडे असतात, कारण बीजाणू नळीच्या भिंतीला न अडकता सरळ खाली पडले पाहिजेत. झाड कोसळले की जुना पिंड आडवा होतो आणि नवा थर पुन्हा जमिनीकडे तोंड करून वाढू लागतो. एकाच पिंडात काटकोनात वळलेले दोन थर दिसले, तर झाड मधल्या काळात पडले असे खुशाल समजावे. या पिंडांत बोलिटोफॅगस रेटिक्युलेटस नावाचा भुंगेरा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतूनच पोसल्या जातात.

उत्तर युरोपात आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात या कवकाचा मुख्य आसरा बर्च आहे, तर मध्य युरोपात बीच. हिमालयातही त्याची नोंद झालेली आहे. तिथले भूर्जवृक्ष हे बर्चचेच सगेसोयरे.

लाकूड कुजवणारे कवक आणि कूज यांचा कार्यकारणसंबंध फार उशिरा उलगडला. कूज आधी येते आणि तिच्यातून बुरशी निपजते, अशीच समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनखात्यांतल्या माणसांतही होती. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने 1870 च्या दशकात लाकडाचे बारीक काप तपासून दाखवून दिले की कवकच आधी शिरते आणि कूज हा त्याच्या कामाचा परिणाम आहे. तोवर झुंडरच्या धंद्याची भरभराटही ओसरली होती. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ही बुरशी हाताळली, त्यांना ती कुठल्या झाडावर, किती उंचीवर, कोणत्या ऋतूत चांगली मिळते हे नेमके ठाऊक होते. ती झाडाचे काय करते, याची मात्र त्यांना कल्पना नव्हती.

आग पेटवण्याचा इतिहास बहुतेक वेळा दगड आणि लोखंड यांच्या आधारे सांगितला जातो, कारण उत्खननात तेच सापडतात. ठिणगी झेलणारा पदार्थ कुजून जातो. पण ठिणगी पाडणे हे त्या कामातले सोपे अंग आहे. अवघड आहे ते ती जिवंत ठेवणे. गारगोटीवर पोलाद घासले की लोखंडाचा सूक्ष्म कण सुटतो आणि हवेत जळत जातो. त्याचे आयुष्य क्षणभराचे. तेवढ्या वेळात त्याला असे काहीतरी मिळाले पाहिजे जे लगेच धुमसू लागेल, आणि ज्वाला न धरता धुमसतच राहील. गवत, लाकडाचा भुसा किंवा वाळकी पाने यांना ते जमत नाही. फोमेसच्या आतल्या थरातले धागे अत्यंत बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर हवा असते. इवल्याशा ठिणगीची उष्णताही त्यांना तापवायला पुरते. एकदा लाल ठिपका पडला की तो वाऱ्याने विझत नाही. उलट पसरत जातो. पोलादाच्या आधी तर ही गरज अधिकच होती. तेव्हा गारगोटी आपटायची ती लोहमाक्षिक या खनिजावर, आणि त्याच्या ठिणग्या पोलादाच्या मानाने मंद असतात.

या बुरशीचे सर्वांत जुने पुरावे दलदलीने जपून ठेवले आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये स्टार कार हे मध्याश्मयुगीन ठिकाण आहे. तिथला काळ इसवी सनपूर्व 9300 च्या सुमारास सुरू होतो. ग्रॅहम क्लार्क यांनी 1949 ते 1951 या काळात तिथे उत्खनन केले. जुन्या सरोवराच्या काठच्या पाणथळ मातीत हवा पोहोचत नसल्याने लाकूड, हाडे, शिंगे आणि बर्चच्या सालीच्या गुंडाळ्या टिकल्या होत्या. त्यांच्याबरोबर फोमेसचे पिंडही मोठ्या संख्येने मिळाले. काहींवर जळल्याच्या खुणा आहेत, आणि लोहमाक्षिकाचे तुकडेही त्याच जागी सापडले. शिकारीवर जगणारी ती माणसे हे पिंड झाडावरून उतरवून वस्तीत आणत होती, यात शंका घ्यायला जागा राहत नाही.

दुसरा पुरावा एका माणसाच्या कमरेला होता. 19 सप्टेंबर 1991 रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, ओत्सताल आल्प्समध्ये, सुमारे 3,200 मीटर उंचीवर बर्फातून एक मृतदेह वर आलेला गिर्यारोहकांना दिसला. हा मनुष्य इसवी सनपूर्व 3300 च्या आसपासचा निघाला. आज जग त्याला ओत्सी म्हणून ओळखते. त्याच्या कमरेच्या कातडी बटव्यात गारगोटीच्या हत्यारांबरोबर काळसर तंतुमय पदार्थाचा गोळा होता. इन्सब्रुकच्या कवकतज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो फोमेसचा आतला थर असल्याचे ओळखले. तो नुसता तोडून ठेवलेला नव्हता. पिंजून मऊ केलेला होता, आणि त्यात लोहमाक्षिकाचे बारीक कण अडकलेले होते. ओत्सीजवळ खनिजाचा खडा सापडला नाही. पण हे कण सापडल्याने आग कशी पेटवली जाई ते कळले. दगडाची साक्ष बुरशीने दिली. त्याच्याजवळ बर्चवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका कवकाचे दोन तुकडे कातड्याच्या पट्ट्यांत ओवलेले होते. ते औषधासाठी असावेत असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. फोमेस मात्र आगीसाठीच होते.

पुढे पोलाद आले, आणि मध्ययुगापासून झुंडर तयार करण्याची रीत पक्की होत गेली. काम जंगलात सुरू होई. कोवळे, मोठे आणि सर्व बाजूंनी सारखे वाढलेले पिंड पसंत केले जात. जुने पिंड आतून कठीण आणि किडके असतात. पिंड घरी आणल्यावर ओलसर ठेवत. मग वरची साल सोलून काढत, खालच्या नळ्यांचा भाग कापून टाकत. उरलेला मऊ थर पिंडाच्या मानाने थोडाच असे. त्याचे वाकड्या पात्याच्या सुरीने पातळ काप काढत. काप भिजवून लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने ठोकायचे आणि मधूनमधून बोटांनी चहूबाजूंनी ताणायचे. या थरातले धागे कापडासारखे उभे-आडवे नसतात, सर्व दिशांनी गुंतलेले असतात. म्हणून काप ताणला तरी फाटत नाही. पसरत जातो आणि तळहाताएवढ्या तुकड्यातून त्याच्या कितीतरी पट मोठा, मऊ पत्रा तयार होतो. हाताला तो कमावलेल्या हरणाच्या कातड्यासारखा लागतो.

आगीसाठी लागणारा माल यानंतर राखेच्या पाण्यात किंवा सोऱ्याच्या द्रावणात भिजवून वाळवत आणि पुन्हा ठोकत. सोरा तापला की प्राणवायू सोडतो, त्यामुळे ठिणगी अधिक हमखास धरली जाते. अठराव्या शतकात युरोपात जो सोरा येई, त्याचा मोठा भाग बिहारमधून ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांनी जात असे. तो मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी नेला जाई. झुंडरला लागणारे प्रमाण त्यापुढे किरकोळ होते.

वापर साधा होता. झुंडरचा नखाएवढा तुकडा गारगोटीच्या धारेवर अंगठ्याने दाबून धरायचा आणि पोलाद वरून खाली मारायचे. ठिणगी तुकड्यावर पडली की तांबडा ठिपका दिसे. त्यावर हलकी फुंकर घालायची आणि गंधक लावलेली काडी टेकवायची. गंधक पेट घेई आणि मग दिवा किंवा चूल. तंबाखू ओढणाऱ्याला काडीचीही गरज नव्हती. धुमसणारा तुकडा तो सरळ चिलमीतल्या तंबाखूवर ठेवी. सतराव्या शतकापासून युरोपात तंबाखूचे व्यसन पसरले आणि झुंडरचा खप वाढण्यामागे त्याचा मोठा हात होता. घराबाहेर, पावसात, वाऱ्यात, घोड्यावर बसून आग हवी असणारा माणूस या काळात पहिल्यांदाच मोठ्या संख्येने गिऱ्हाईक झाला. इंग्लंडमध्ये मात्र सामान्य घरांतून जळक्या तागाच्या चिंध्यांवरच भागवत. अमादू तिथे बाहेरून येई.

जर्मनीत डॅन्यूबकाठचे उल्म हे शहर या मालासाठी प्रसिद्ध होते. थुरिंगियाच्या डोंगरातले नॉयश्टाट आम रेनश्टाइग हे गाव बुरशी ठोकणाऱ्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाई. हा घरगुती धंदा होता. अशा गावांत घराघरांतून हातोड्यांचे आवाज येत आणि तयार माल फेरीवाले पाठीवर घेऊन दूरच्या बाजारांत जात. मागणी वाढली तसे जवळपासचे बीचचे जंगल बुरशीला पुरे पडेना. शिवाय शिस्तशीर वनव्यवस्थापन सुरू झाल्यावर म्हातारी, पोकळ झाडे वेळीच तोडली जाऊ लागली आणि कवकाचा आसराच गेला. मग कच्चा माल बोहेमिया, हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनिया अशा दूरच्या जंगलांतून मागवावा लागला.

सोरा न लावलेल्या झुंडरला दुसरा ग्राहक होता: वैद्य. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत दुखऱ्या जागी डागण्या देण्यासाठी कवकाचा उल्लेख येतो. पण त्याहून मोठा उपयोग रक्त थांबवण्यासाठी झाला. मऊ थर जखमेवर दाबून धरला की तो रक्त शोषून घेतो आणि रक्त गोठायला आधार देतो. न्हावी आणि शस्त्रवैद्य तो नेहमी जवळ बाळगत, आणि औषधविक्रेते शल्यविशारदांची बुरशी या लॅटिन नावाने तो विकत. 1750 च्या सुमारास ब्रॉसार या फ्रेंच शल्यविशारदाने अवयव कापल्यावर धमनीतून होणारा रक्तस्राव याने थांबतो असे दाखवले आणि पॅरिसमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. लंडनच्या शल्यविशारदांनीही त्याचे प्रयोग करून रॉयल सोसायटीला कळवले. मोठ्या धमनीसाठी हा उपाय भरवशाचा नव्हता. तिथे दोऱ्याने बांधण्याचीच पद्धत टिकली. लहान जखमांसाठी मात्र झुंडर एकोणिसावे शतक संपेपर्यंत औषधांच्या दुकानांत मिळत होता. दंतवैद्य दातातली पोकळी कोरडी करायला तो वापरत. कृत्रिम माशी गळाला लावून मासे पकडणारे शौकीन ओली माशी टिपायला आजही तो विकत घेतात.

या धंद्याचा शेवट आगपेटीने केला. 7 एप्रिल 1827 रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज गावातल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्यांची पहिली विक्री वहीत नोंदवली. 1830 च्या दशकात फॉस्फरसच्या काड्या आल्या. 1844 मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने सुरक्षित काडीचे पेटंट घेतले आणि यंशपिंगच्या लुंडस्ट्रम बंधूंनी तिचा कारखाना उभा केला. हजारो वर्षे चाललेली रीत दोन पिढ्यांत मोडीत निघाली. नॉयश्टाटच्या लोकांनी बुरशी सोडून आगकाड्या बनवायला घेतल्या. व्यवहार म्हणून त्यात चुकीचे काही नव्हते. पण पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी आगकाडीच्या कारखान्यांतल्या मजुरांच्या जबड्याची हाडे सडत, हेही त्याच हिशोबात धरले पाहिजे. झुंडर ठोकणाऱ्याच्या वाट्याला असले भोग नव्हते.

बुरशी ठोकण्याची कला एका ठिकाणी अजून जिवंत आहे. रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात कोरोंड नावाचे हंगेरियन भाषा बोलणाऱ्यांचे गाव आहे. तिथले काही कारागीर फोमेसच्या थरापासून टोप्या, पिशव्या आणि टेबलावरची आच्छादने करतात. साल सोलणे, काप काढणे, ठोकणे, ताणणे या साऱ्या पायऱ्या जुन्याच आहेत. फक्त सोरा लागत नाही. टोपी शिवलेली नसते. एकच तुकडा साच्यावर ताणून तिला आकार देतात. एवढ्या मोठ्या तुकड्यासाठी पिंडही तसाच मोठा लागतो आणि तो शोधायला दूरच्या रानात जावे लागते. शास्त्रज्ञांचे लक्षही आता याच थराकडे वळले आहे. 2023 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी फोमेसच्या पिंडाची रचना तपशिलात मोजली: बाहेरची टणक साल, मधला फेसाळ थर आणि खालच्या नळ्या. तिन्ही भाग एकाच प्रकारच्या धाग्यांचे, तरी ताकदीला आणि लवचिकपणाला अगदी निराळे. हलकी आणि मजबूत द्रव्ये बनवण्यासाठी त्यावरून धडा घेता येईल असे त्यांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात ही बुरशी नाही. इथल्या जंगलांत बर्च आणि बीचही नाहीत. चकमक मात्र इथे घरोघरी होती, आणि दख्खनच्या काळ्या कातळात गारगोटीला तोटा नव्हता. ठिणगी झेलायला सावरीचा कापूस असे. मराठा फौजांतल्या तोड्याच्या बंदुकीलाही न विझता धुमसणारी वात लागे. गरज तीच होती, साधन निराळे. लाकडावरच्या टणक कवकांची ओळख कोकणालाही आहे. फणसाच्या खोडावर वाढणारा फणसांबा सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंडातल्या फोडांवर लावतात. तो फेलिनस गटातला आहे, म्हणजे ज्याला युरोपात खोटी ठिणगीची बुरशी म्हणत त्याच्या नात्यातला. अशा औषधांची थोडीफार नोंद तरी झाली आहे. आगीच्या साधनांची फारशी झालेली नाही. जुन्या घरांतून चकमकीची पोलादे आणि गारगोट्या अजून निघतात, पण त्यांच्याबरोबर काय ठेवत असत, ते कुठल्या झाडाचे होते, ते भिजवत की जाळून घेत, हे सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी किंवा गावात असे कोणी असेल, त्यांनी ते विचारून लिहून ठेवावे.